मामूंचा पेंटॅक्स

दांडी म्हटलं की लोकांना मिठाचा सत्याग्रह आठवतो. ती दांडी गुजरातेत. मी सांगतोय ती पालघर तालुक्यातली, बोईसरच्या पश्चिमेला, समुद्राकाठची.

आमचे मामू आखातात नोकरीला होते. 1984 साली सुट्टीवर आले ते पेंटॅक्स के-1000 घेऊनच. तोवर घरात अ‍ॅग्फाचा क्लिक-थ्री होता. त्यात बघायची खिडकी वेगळी, भिंग वेगळं. त्यामुळे जवळून काढलेल्या फोटोत कुणाचं ना कुणाचं डोकं कापलेलं. पेंटॅक्समध्ये भिंगातून आलेलं चित्र आरशावरून थेट डोळ्यापर्यंत यायचं. दिसेल तेच फिल्मवर उतरणार.

जपानच्या असाही कंपनीनं हा कॅमेरा 1976 साली आणला आणि 1997 पर्यंत तो बनत राहिला. तीस लाखांहून जास्त विकले गेले. त्यात आपोआप होणारं काहीच नव्हतं, सेल्फ-टायमरसुद्धा नाही. म्हणून स्वस्त, आणि म्हणूनच जगभर नवशिक्यांच्या हाती तोच दिला जाई. बॅटरी लागायची ती फक्त उजेड दाखवणाऱ्या काट्याला. दांडीच्या खाऱ्या हवेनं दोनेक वर्षांत बॅटरीची जागा हिरवी पडली, काटा मेला. शटर मात्र चालूच! मग मामू अंदाजानं काढत. भर उन्हात 100 च्या फिल्मला 16 चं छिद्र आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग. एवढं पाठ होतं त्यांना.

रोलमध्ये 36 फोटो, त्यामुळे उधळपट्टी नव्हती. होड्या, जाळी विणणारे, वाळत घातलेले बोंबील, ईदची गर्दी. नानीला मात्र तस्वीर मान्य नव्हती. तिनं आयुष्यात एकदाच फोटो काढू दिला, हजच्या पासपोर्टसाठी, तोही स्टुडिओत. मामूंनी कधी चोरून काढला नाही. याचं मला लहानपणी वाईट वाटे. आता मामूंबद्दल आदर वाटतो.

आमच्या भागाचा छापील इतिहास म्हणजे 1969 चं तारापूरचं अणुवीज केंद्र आणि त्यानंतरचे कारखाने. चेहरे मात्र मामूंच्या बिस्किटाच्या डब्यात आहेत. निगेटिव्हना बुरशी लागलीय. मागच्या महिन्यात मी त्या स्कॅन करायला घेतल्या, तर निम्मी माणसं ओळखू येईनात. मामू गेले. नावं सांगू शकतील अशी दोनच म्हातारी माणसं दांडीत उरलीत, त्यातल्या एकाला नीट दिसत नाही. येत्या रविवारी प्रिंट मोठ्या करून घेऊन जातोय.