बाणांच्या जागी अक्षरे

बाणाची कळ दाबावी तो पडद्यावर ए, बी, सी, डी अशी अक्षरे उमटावीत. किंवा लेखन रंगात आले असता पडदा एकाएकी थिजावा आणि कोणत्याही कळीला त्याने दाद देऊ नये, हा संगणकाच्या टर्मिनलवर ‘व्हीआय’ नावाचा एडिटर वापरणाऱ्या नवशिक्यांचा नित्याचा अनुभव होय. (हा एडिटर म्हणजे वृत्तपत्राचा संपादक नव्हे, मजकूर लिहिण्याचे व दुरुस्त करण्याचे ते एक साधन आहे.) यंत्र बिघडले असे समजून पुष्कळजण ते बंद करतात आणि तासाभराचे लेखन गमावून बसतात. वस्तुतः यंत्र बिघडलेले नसते. एका जुन्या काळच्या आज्ञा ते इमानाने पाळीत असते.

प्रथम थिजलेल्या पडद्याचे पाहू. १९६३ साली टेलिटाइपचे ‘मॉडेल ३३’ हे यंत्र निघाले. ते सेकंदाला दहा अक्षरे कागदावर छापी, आणि भोके पाडलेली कागदी पट्टी वाचण्याची सोयही त्यास होती. ही पट्टी थांबविण्यासाठी १९ क्रमांकाचा संकेत असे, पुन्हा सुरू करण्यासाठी १७ क्रमांकाचा. रोमन वर्णमालेतील एकोणिसावे अक्षर एस, सतरावे क्यू. म्हणून ‘कंट्रोल’ कळीसह एस दाबले की थांबण्याचा संकेत जातो व क्यू दाबले की सुटण्याचा. पट्ट्या गेल्या, संकेत मात्र राहिले. अन्यत्र मजकूर जतन करण्यासाठी कंट्रोल-एस दाबण्याची सवय जडलेला मनुष्य येथेही तेच करतो आणि पडदा थांबतो. कंट्रोल-क्यू दाबताच तो मोकळा होतो. परंतु मधल्या वेळात रागाने बडविलेल्या कळा वाया गेलेल्या नसतात. त्यांचा परिणाम तेव्हा एकदम दृष्टीस पडतो.

अशाच छापणाऱ्या यंत्रांसाठी केन थॉम्प्सन यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘ईडी’ हा एडिटर रचला. चूक झाली की तो केवळ एक प्रश्नचिन्ह उमटवी. कोणती चूक, हे लिहिणाऱ्याने ओळखावे! लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजचे जॉर्ज कुलुरिस यांनी त्यात सुधारणा करून तयार केलेल्या एडिटरला ‘मर्त्य माणसांसाठी’ असे खोचक नाव दिले. १९७६ च्या उन्हाळ्यात त्यांनी तो बर्कली विद्यापीठात दाखविला, आणि तेथील विद्यार्थी बिल जॉय यांनी त्यापासून स्फूर्ती घेऊन पुढे व्हीआय सिद्ध केला.

जॉय यांच्या घरची दूरध्वनीची जोडणी सेकंदाला सुमारे तीस अक्षरांची होती. चोवीस ओळी व ऐंशी रकाने, म्हणजे १९२० अक्षरांचा पडदा पूर्ण भरावयास एक मिनिटाहून अधिक वेळ लागे. त्यामुळे आज्ञा एकाक्षरी ठेवणे भागच होते. त्यांच्या ‘एडीएम-३ए’ टर्मिनलला बाणांच्या निराळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. तेच व्हीआयने उचलले.

पुढे १९७८ साली आलेल्या ‘व्हीटी१००’ टर्मिनलला बाणांच्या कळा होत्या; पण अशी प्रत्येक कळ एक संकेत न धाडता तीन धाडते. पहिला ‘एस्केप’चा, मधला बहुधा ‘ओ’ या अक्षराचा, शेवटचा ए ते डी यांपैकी एक. एडिटरने ही तिकडी ओळखली नाही की घोटाळा होतो. एस्केपने तो लेखन सोडतो, ‘ओ’ने वर नवी ओळ उघडतो आणि उरलेले अक्षर तीत लिहितो. टर्मिनलचे नाव व्यवस्थेला अचूक सांगणे हा यावरील पहिला उपाय. निरनिराळ्या टर्मिनलांच्या लकबींची नोंदवही जॉय यांनीच ‘टर्मकॅप’ या नावाने तयार केली होती. दुसरा उपाय एच, जे, के, एल वापरण्याचा. तो आजही चालतो.

यंत्र खरोखरच बंद पडले तर? व्हीआय लिहिलेल्याची तात्पुरती प्रत राखतो, आणि ‘-आर’ ही खूण देऊन तो पुन्हा उघडल्यास बराचसा मजकूर हाती येतो. खुद्द जॉय यांना मात्र असा आधार लाभला नाही. एकाच वेळी अनेक खिडक्या दाखविणारी व्हीआयची आवृत्ती ते लिहीत असताना तिची मूळ संहिता नष्ट झाली. पट्टीवर प्रत घेण्याचे यंत्रही त्याच सुमारास मोडलेले होते. ते काम त्यांनी सोडून दिले व आधीच्या आवृत्तीचेच माहितीपत्रक लिहिले. खिडक्या आल्या त्या १९९४ मध्ये, ब्राम मूलेनार यांच्या ‘व्हिम’मध्ये.