अमरावती रोडच्या पुढे : बैरागडचे डॉक्टर

वाडीकरांना अमरावती रोड म्हटलं की ट्रक, ट्रान्सपोर्टची गोदामं आणि आठवा मैल आठवतो. हाच रस्ता पुढे अमरावती, परतवाडा करत मेळघाटात शिरतो. हरिसालला उतरून त्या काळी बैरागडला जायचं तर ४० किलोमीटर पायी. आपल्यापैकी बरेच जण बालवाडीत होते तेव्हा, १९८५ च्या सुमारास, नागपूरच्या मेडिकलमधून एमबीबीएस झालेले शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे तिकडे दवाखाना थाटायला गेले.

जाण्याआधी मुंबईत सहा महिने राहून ते तीन गोष्टी शिकले: सोनोग्राफी आणि रक्ताची सोय नसताना बाळंतपण करणं, एक्स-रेशिवाय न्यूमोनिया ओळखणं, हगवणीवर उपचार करणं. तरी स्फोटात हात गमावलेला एक माणूस आला आणि एवढं शिक्षण अपुरं पडलं. मग १९८७ मध्ये ते एमडी करायला परतले.

परत जाताना जोडीदारही हवी होती. त्यांच्या अटी प्रसिद्ध आहेत: ४० किलोमीटर चालायची तयारी, पाच रुपयांत कोर्टमॅरेज, महिन्याला ४०० रुपयांत संसार, आणि वेळ पडली तर लोकांसाठी भीक मागणं. ४०० रुपये कुठून? फी पहिल्यांदा दोन रुपये, पुन्हा आल्यास एक रुपया, त्यावरून. नागपुरात चांगली प्रॅक्टिस चाललेल्या होमिओपॅथ स्मिताताईंनी हे सगळं मान्य केलं आणि १९८८ मध्ये लग्न झालं. लेखांत डॉक्टरांच्या अटींचंच कौतुक जास्त होतं. मला विचाराल तर चालता दवाखाना सोडणाऱ्या बाईचा हिशेब अधिक अवघड होता.

गावाने त्यांना लगेच आपलं म्हटलं नाही. स्मिताताईंचं बाळंतपण डॉक्टरांनी गावातच केलं. बाळाला न्यूमोनिया, मेंदुज्वर आणि रक्तात जंतुसंसर्ग झाला. अकोल्याला न्या, असं सगळे सांगत होते. इथल्या कोरकू बायांच्या लेकरांवर जे उपचार होतात तेच माझ्या लेकराला, असं म्हणून त्या थांबल्या. आई म्हणून मी हे करू शकले नसते. बाळ वाचलं, आणि त्यानंतर गावाचं मन वळलं.

या इतिहासात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. सर्व्हर पुन्हा पुन्हा बंद पडू लागला की आम्ही तो नुसता चालू करत बसत नाही, कारण शोधतो. डॉक्टरांनी तेच केलं. लेकरं न्यूमोनियाने मरत होती, कारण थंडीत अंगावर कपडा नव्हता. कुपोषणाने मरत होती, कारण शेतीचा हंगाम संपला की हाताला काम आणि घरात दाणा नसायचा. औषध देऊन हे कसं थांबणार? लोक आजारी गुरं आणि किडलेली पिकंही त्यांच्याकडेच आणू लागले होते. तेव्हा डॉक्टर जनावरांचे उपचार शिकले, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात जाऊन शेती शिकले आणि स्वतः शेती करू लागले. रेशनचं दुकानही त्यांनी चालवलं.

पुढे बांधकाम खात्याच्या मंत्र्यांनी त्यांचं साधं घर पाहून नवं बांधून देतो म्हटलं. स्मिताताईंनी घराऐवजी रस्ते मागितले. २०१९ मध्ये दोघांनाही पद्मश्री मिळाली.