मुलाखत

अरबी ‘मुलाक़ात’ म्हणजे निव्वळ भेट. फारसीच्या वाटेने मराठीत येताना तिच्यातला ‘क’ ‘ख’ झाला, जसा ‘वक़्त’चा बोलीत ‘वखत’ झाला. पेशवाईच्या कागदांत सरदारांच्या मुलाखती होत, त्या अशा समक्ष भेटीच. प्रश्नोत्तरांचा अर्थ रूढ झाला तो वृत्तपत्रांच्या काळात.

हिंदीत मात्र ‘मुलाक़ात’ भेटीपाशीच थांबली. तिथे लेखक पत्रकाराला ‘साक्षात्कार’ देतात! मराठीत तो फक्त संतांना होतो.

मराठीने आणखी एक जोड दिली: ‘प्रकट मुलाखत’. सुधीर गाडगीळांनी तिला व्यवसायाचे रूप दिले. २०१८मध्ये पुण्यात राज ठाकरे यांनी शरद पवारांची अशीच मुलाखत घेतली, तेव्हा प्रश्नकर्ताही पुढारीच होता.