विमानाचे उत्थापन व नियंत्रण

विमानाचा पंख हवेला खाली वळवतो आणि तिच्या प्रतिक्रियेने पंखावर वरच्या दिशेने बल येते, तेच उत्थापन. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून तिथल्या हवेला लांबचा पल्ला गाठून खालच्या हवेबरोबरच मागच्या कडेला पोहोचावे लागते, हे शाळकरी स्पष्टीकरण मात्र टिकत नाही. वायुबोगद्यात धुराच्या रेषा सोडल्या की वरची हवा आधीच पुढे निघून गेलेली दिसते. शिवाय कसरतीच्या अनेक विमानांचे पंख दोन्ही बाजूंनी सारखेच असतात, तरी ती उडतात, उलटीही उडतात. मग वेगवान प्रवाहात दाब कमी असतो, हा बेर्नुलीचा सिद्धांत चुकीचा का? नाही. वर दाब कमी व खाली जास्त असतो, हे खरेच. दाबातला हा फरक आणि हवेचे खाली वळणे ही एकाच घटनेची दोन वर्णने आहेत.

हवा किती वळेल, हे पंख तिला कोणत्या कोनात सामोरा जातो यावर बरेचसे ठरते. हा कोन साधारण 15 अंशांपुढे गेला की प्रवाह पंखाच्या वरच्या पृष्ठापासून सुटतो आणि उत्थापन ढासळते. त्यामुळे शेपटीवरच्या आडव्या झडपेने, म्हणजे एलेव्हेटरने, नाक वर केले की विमान चढतेच, असे नाही: 2009 मध्ये एअर फ्रान्सचे 447 क्रमांकाचे विमान नाक वर असतानाच अटलांटिकमध्ये कोसळले. वळण्यातही मुख्य काम शेपटीवरच्या उभ्या रडरचे नसून पंखांच्या मागच्या कडेवरील एलेरॉन या झडपांचे. ते विमानाला एका बाजूला कलवतात आणि तिरपे झालेले उत्थापनच त्याला वळवते. राइट बंधूंच्या 1903 च्या विमानात एलेरॉन नव्हते. त्याऐवजी ते दोघे पंखच पिळत.