चार अक्षरं, अठरा बाइट

लिनक्सच्या कमांड लाइनच्या युक्त्या आपण पाठ करतो. त्या अशाच का घडल्या हे कळलं, की मराठी मजकुरावर त्या कुठं अडतात तेही कळतं. म्हणून आज इतिहासाच्या वाटेनं जाऊ, आणि उदाहरणाला आपल्या नेकनूरचंच नाव घेऊ.

१९७० च्या आसपास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स तयार झालं. तेव्हा पडदा नव्हता, टेलिटाइप होता. सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं कागदावर उमटायची. म्हणून आज्ञा आखूड ठेवल्या : एलएस, सीपी, एमव्ही. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांची पाइपची कल्पना केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये उतरवली. एका आज्ञेचं उत्तर थेट दुसरीच्या हातात द्यायचं. ग्रेप शोधणार, सॉर्ट क्रम लावणार, युनिक मोजणार. १९९१ मध्ये लिनक्स आलं, तेही याच रिवाजावर.

पण या सगळ्यांच्या मुळाशी एक गृहीत होतं : एक अक्षर म्हणजे एक बाइट. इंग्रजीला ते पुरलं. आपल्याकडे १९९१ चं इस्की मानक आलं. पुढे १९९२ मध्ये थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ रचलं. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात.

आता ‘नेकनूर’ मोजू. आपल्या डोळ्यांना चार अक्षरं. न, मात्रा, क, न, ऊकार, र ही सहा चिन्हं. आणि बाइट अठरा. डब्ल्यूसीला ‘मायनस सी’ दिलं तर ते बाइट मोजतं. ‘मायनस एम’ दिलं आणि लोकेल यूटीएफ-८ असलं, तर चिन्हं. एकोला हेच नाव दिलं तर ओळ संपल्याची खूण धरून प्रत्येकी एक जास्त येतो. आपली चार अक्षरं मात्र दोन्हींत नाहीत.

यात बिघडलं काय? समजा, पीक विम्याच्या दोन याद्या जोडायच्या आहेत. ‘कुऱ्हाडे’ एकानं ‘ऱ’ वापरून लिहिलं, दुसऱ्यानं साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. वाचायला दोन्ही सारखंच. युनिक मात्र त्यांना दोन माणसं समजतं, आणि ग्रेप एकच रूप शोधून दुसरं सोडून देतं. त्या सुटलेल्या ओळीत एखाद्या शेतकऱ्याचे पैसे असतात.

म्हणून आधी सेडनं जुनं रूप नव्यात बदलायचं, मगच सॉर्ट आणि युनिक. उत्तर नव्या फाइलीत घ्यायचं. बाणापुढे त्याच फाइलीचं नाव दिलं तर शेल ती आधी रिकामी करतं आणि यादी जाते. आकडे देवनागरीत असतील तर सॉर्टचं ‘मायनस एन’ ते आकडे मानत नाही. तेही सेडच्या ‘वाय’ आज्ञेनं आधी बदलावेत. टीआरवर विसंबू नये; ग्नूचं टीआर बाइटच्याच हिशोबानं चालत आलंय.

थोडक्यात काय, तर ही अवजारं टेलिटाइपच्या काळातली आहेत. पन्नास वर्षांनंतरही कामाची आहेत. पण ती आपली अक्षरं ओळखत नाहीत, बाइट ओळखतात. यादीवर चालवण्याआधी एक मराठी नाव त्यांतून काढून बघायचं, ही सवय आपण लावून घेऊ.