दाखवण्याच्या गुहेचे रसायन

विशाखापट्टणमहून अरकूकडे जाताना अनंतगिरीच्या डोंगरात बोर्रा गुहा लागतात. किरंदुलचा लोहमार्ग त्यांच्या माथ्यावरूनच गेला आहे. वेरूळ-अजिंठा पाहिलेला मराठी पर्यटक इथे नकळत कोरीवकाम शोधतो. साहजिकच आहे, सह्याद्रीचा बसाल्ट चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपल्याकडच्या नावाजलेल्या गुहा छिन्नीच्या. पण लेणे कोरून झाले की काम संपते. चुनखडीच्या गुहेत ते चालूच असते, आणि तिकीट लावून ती दाखवायची तर आधी एवढे ध्यानात घ्यावे लागते.

पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. असे किंचित आम्लधर्मी झालेले पाणी चुनखडीतले कॅल्शियम कार्बोनेट विरघळवून सोबत नेते. थेंब गुहेच्या छताशी आला की तिथल्या हवेत हा वायू मातीपेक्षा कमी असल्याने तो थेंबातून निसटतो आणि कॅल्साइट मागे साचते. थेंब सुकून दगड होतो, असे अनेकजण समजतात. खोल भागातल्या दमट हवेत सुकायला वावच थोडा.

लटकत्या थेंबाच्या कडेने कॅल्साइटचे बारीक कडे धरते. कड्यावर कडे चढत थेंबाएवढ्याच जाडीची पोकळ नळी तयार होते. ती कधीतरी तुंबते, पाणी बाहेरून ओघळू लागते, आणि मग अधोमुखी लवणस्तंभ जाड होत जातो. खाली पडलेल्या थेंबातून वाढणाऱ्या ऊर्ध्वमुखी स्तंभाला मधली नळी नसते. थेंब आपटून फुटतो म्हणून त्याचा माथाही बोथट राहतो. वाढ सहसा वर्षाला मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढी.

या हिशेबात माणूस येतो तो तीन वाटांनी. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे 4 टक्के, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. कोंदट गुहेत तो साठला की थेंबातून वायू निसटणे मंदावते. भिंतीवर धरलेले बाष्प उलट दगड खाऊ लागते. फ्रान्समधील लास्को ही चुनखडीतली चित्रगुहा 1948 मध्ये खुली झाली आणि 1963 मध्ये बंद करावी लागली, त्यात गर्दीच्या श्वासाचा आणि शेवाळाचा हात होता. बोर्राचे तोंड मात्र प्रशस्त, छतालाही भगदाड आहे. त्यामुळे माझ्या मते इथे श्वासापेक्षा दिवे आणि हात अधिक घातक. अंधारात न उगवणारे शेवाळ दिव्याभोवती हिरवे धरते. बोटांचा तेलकटपणा लागलेल्या जागी नवा थर नीट बसत नाही, डाग मात्र बसतो. गाइडने स्तंभावर टिचकी मारून नाद ऐकवणे तर थांबायलाच हवे.

रंगीत झोतांचे समर्थन मला करता येत नाही. कमी उष्णतेचे एलईडी, आणि गट पुढे सरकताच ते विझवणे, एवढे तरी सहज जमण्यासारखे आहे. पण कठडे आणि पाट्या गुहेच्या आत लागतात, थेंब मात्र वरच्या रानातून येतो. तिथली झाडे तुटली, माती वाहून गेली, की पाण्यात मुरणारा वायूच घटतो. मग छत ठिबकत राहिले तरी स्तंभांना मिळणारा चुना कमी होतो.