तेरा हा आकडा आला कुठून?

गेल्या दिवाळीत ताईने मला विचारलं, "तू एवढी पीएचडी करतेस, मग सांग, हिला तेरा पूर्ण झाली की सोशल मीडिया द्यायला हरकत नाही ना?" भाची अकरा वर्षांची आहे. मी "हो, तेराचीच अट असते" म्हणून मोकळी झाले. रात्री मात्र ते उत्तर टोचत राहिलं. बारा का नाही? पंधरा का नाही? बालमानसशास्त्रात कुणीतरी हे सिद्ध केलं असणार, असं मी खुशाल धरून चालले होते. तुम्हीही चालला असाल.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या विषयाच्या शोधात आहात. मुलं आणि सोशल मीडिया म्हटलं की सिनॉप्सिसमध्ये 'दुष्परिणाम: एक अभ्यास' हे ठरलेलं. त्याऐवजी सगळ्यांनी गृहीत धरलेली एखादी साधी गोष्ट उचला आणि ती कधी, कुणी, कशासाठी ठरवली याचा माग काढा. तेराचा माग काढल्यावर हाती काय लागलं ते सांगते.

गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि सोशल मीडियाच्या आधीची. 1990च्या दशकात मुलांसाठी खेळ, कार्टून, स्पर्धा असलेल्या वेबसाइट निघाल्या. खेळायचं किंवा बक्षीस मिळवायचं तर नाव, पत्ता, आवडीनिवडी भरा, असा मामला. कधीकधी घरच्यांची माहितीसुद्धा. ही माहिती जाहिरातदारांच्या कामाची. 1996 मध्ये कॅथरिन माँटगोमेरी यांच्या 'सेंटर फॉर मीडिया एज्युकेशन' या संस्थेने यावर अहवाल काढला आणि आरडाओरडा सुरू झाला. 1998च्या जूनमध्ये फेडरल ट्रेड कमिशनने स्वतः केलेल्या पाहणीचा अहवाल दिला. मुलांच्या 212 वेबसाइटपैकी 89 टक्के साइट मुलांकडून वैयक्तिक माहिती घेत होत्या. पालकांना विचारून घ्या असं मुलांना सांगणाऱ्या साइट एक चतुर्थांशही नव्हत्या.

त्यावर कायदा आला, मुलांच्या ऑनलाइन खाजगीपणाचा. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'कोपा' म्हणतात. इथे जरा थांबा, कारण खरी गंमत मसुद्यात आहे. सुरुवातीच्या मसुद्यात रेघ 16 वर आखलेली होती. बारापर्यंतच्या मुलांसाठी पालकांची आधी परवानगी, आणि त्यावरच्या मुलांबाबत पालकांना निदान कळवायचं, अशी रचना होती. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी याला हरकत घेतली. घरातल्या छळाबद्दल किंवा गर्भनिरोधनाबद्दल गुपचूप माहिती शोधणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पालकांना पत्र गेलं तर काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न खरा होता. वरची पायरी गळाली आणि उरली ती 'तेराच्या आतली मुलं'. 21 ऑक्टोबर 1998 रोजी कायद्यावर सही झाली, एका भल्यामोठ्या खर्च-विधेयकाचा भाग म्हणून. एप्रिल 2000 पासून तो लागू झाला.

म्हणजे अंतिम कायदा कितीही वेळा वाचलात तरी 'तेराच का' याचं उत्तर त्यात सापडणार नाही. ते मसुद्यांमधल्या फरकात आहे. आपल्याकडचा कुठलाही कायदा अभ्यासताना हेच करा. मूळ विधेयक, समितीपुढच्या साक्षी आणि शेवटचा मजकूर शेजारी ठेवा आणि काय गळालं ते बघा.

आता दुसरी गोष्ट. तेरा वर्षांचं मूल सोशल मीडियासाठी तयार असतं, असं हा कायदा कुठेच म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो की तेराच्या आतल्या मुलाची माहिती पालकांच्या खातरजमा केलेल्या संमतीशिवाय घेऊ नका. 1998 मध्ये फेसबुक जन्मालाही आलं नव्हतं. सप्टेंबर 2006 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं तेव्हा अट होती तेराची. कारण उघड आहे. पालकांची संमती मिळवणं खर्चाचं, कटकटीचं. त्यापेक्षा 'तेराखालचे नकोत' असं अटींमध्ये लिहून टाकलं की सुटलो. शिवाय खास मुलांसाठी नसलेल्या सेवेवर जबाबदारी कधी येते, तर समोरचा लहान आहे हे तिला प्रत्यक्ष माहीत असेल तेव्हा. थोडक्यात, माहीत नसणं फायद्याचं. जन्मतारीख विचारायची आणि जे सांगतील ते खरं धरायचं.

पालकांनी काय केलं? डॅना बॉइड, एस्तर हारगिटाई आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 'फर्स्ट मंडे' या नियतकालिकात एक पाहणी छापली. 10 ते 14 वर्षांच्या मुलांचे 1,007 अमेरिकन पालक. बारा वर्षांच्या मुलांच्या पालकांपैकी 55 टक्क्यांनी सांगितलं की मुलाचं फेसबुकवर खातं आहे, आणि त्यातल्या 76 टक्क्यांनी ते उघडायला स्वतः मदत केली होती. पालकांच्या हाती निर्णय द्यायला केलेला कायदा, आणि पालक मुलांना खोटं वय टाकायला शिकवताहेत! मुलांनी फसवलं म्हणावं तर तसंही नाही. आजी-आजोबांशी, भावंडांशी बोलता यावं म्हणून घरच्यांनीच वाट काढली होती.

हे वाचून मी ताईला फोन केला. ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, "अगं, गेमसाठी एक खातं आहे की तिचं. जन्मसाल मीच टाकलं होतं. माझंच."

तोवर मी 'द्यायचं की नाही' यावर उत्तर शोधत होते, आणि खातं दोन वर्षं चालू होतं. त्या खात्याच्या हिशेबाने माझी भाची चाळिशीची बाई. जाहिराती त्याच वयाच्या, आणि मुलांसाठीची बंधनं तिला लागूच नाहीत. तेराची वाट बघण्याच्या नादात आमच्यापैकी कुणी तिच्याबरोबर बसून सेटिंग कधी उघडलंच नव्हतं.

आकडे तर आता जागोजागी वेगळे आहेत. युरोपीय संघाच्या कायद्यात 16, पण देशांना 13 पर्यंत खाली यायची मुभा. ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये कायदा करून 16 ठरवले, आणि तिथे तो खाती ठेवण्यावरच आहे. भारताच्या 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मूल म्हणजे 18 खालचं. पालकांची संमती हवी, शिवाय मुलांचा माग ठेवायला आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवायला मनाई. एकाच मुलाला एवढी वयं कशी, हा प्रश्न विचारून बघा. प्रत्येक कायदा वेगळ्या भीतीला उत्तर देतोय हे लगेच दिसतं. कुणाला माहितीच्या बाजाराची भीती, कुणाला मनःस्वास्थ्याची. सिनॉप्सिसमध्ये या दोन भीती एकत्र कालवू नका. गाइड पहिल्या बैठकीत तिथेच पकडतील. मला पकडलं होतं.

ताई आणि भाचीने मिळून जुनं खातं बंद केलं आणि खऱ्या जन्मतारखेचं, ताईच्या खात्याला जोडलेलं नवं उघडलं. कोण मेसेज पाठवू शकतं ते दोघींनी बसून ठरवलं. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला, आणि ताईचाही. ही अट भाचीची होती. दोन वर्षं जमवलेले गेममधले पॉइंट गेले म्हणून ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला फोन करून विचारलं, "मावशी, आईने खोटं वय टाकलं तेव्हा तिला कुणी रागावलं का?"